माहीमच्या खाडीवरचा बिनटोलाचा रस्ता

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून शहराकडे येणारी रिक्षा वांद्र्याच्या पुढे जात नाही. रिक्षांची हद्द तिथे संपते आणि माहीमचा कॉजवे सुरू होतो. डाव्या हाताला मिठी नदीचे काळवंडलेले मुख, उजव्या हाताला कोळ्यांच्या होड्या आणि पलीकडे अरबी समुद्र, असा हा काही मिनिटांचा रस्ता आहे. रोज हजारो माणसे बसमधून, टॅक्सीतून, दुचाकीवरून आणि काही चक्क पायी त्यावरून जातात. दर बुधवारी माहीमच्या चर्चला निघालेले नोव्हेनाचे भाविक जातात, दर्ग्याला निघालेले जातात. कोणालाही पैसे पडत नाहीत. एरवी टोलनाक्यांची सवय झालेल्या या प्रदेशात, हा रस्ता फुकट का, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका अटीत आहे. ती अट घालणाऱ्या बाईंचे नाव माहीमच्या मुख्य रस्त्याला आहे खरे, पण त्या नावाचेही आपण 'एल. जे. रोड' असे करून टाकले आहे.

लेडी जमशेटजी, म्हणजे आवाबाई, या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी. जमशेटजींचे नाव ज्याने ऐकले नाही असा मुंबईकर सापडणे कठीण. जे. जे. रुग्णालय त्यांचे आणि जे. जे. कलाशाळाही त्यांचीच. परंतु 'जे. जे.' ही दोन अक्षरे इतकी रुळली आहेत, की त्यांच्यामागचा माणूस जवळजवळ पुसला गेला आहे. तो माणूस समुद्रावर वाढला, समुद्रानेच त्याला बुडवले आणि समुद्रानेच उभे केले. किनाऱ्यावरच्या माणसाला पलीकडच्या तीरावर जाता येणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते.

त्यांचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घर गरिबीचे होते आणि बालपण नवसारीत गेले. १७९९ मध्ये आईवडील दोघेही गेले, तेव्हा जमशेटजी सोळा वर्षांचे होते. शिक्षण जुजबी झाले होते आणि इंग्रजी तर कामापुरतेही नव्हते. अशा स्थितीत ते मुंबईत मामांकडे आले. मामा फ्रामजी नसरवानजी यांचा धंदा रिकाम्या बाटल्या विकत घेऊन विकण्याचा, म्हणून आडनाव बाटलीवाला. मुंबईतल्या गोऱ्या साहेबांनी रिचवलेल्या मद्याच्या बाटल्या गोळा करणे आणि त्या पुन्हा बाजारात आणणे, हे काम दिसायला हलके, पण त्यात नफा होता आणि हिशेबाची शिस्तही होती. काही काळ भाच्यालाही बाटलीवाला म्हणूनच ओळखत. मूळचे नाव जमशेद. गुजराती व्यापाऱ्यांत वावरायचे म्हणून त्याचे जमशेटजी झाले, असे सांगतात.

मामांच्या दुकानात ते फार दिवस रमले नाहीत. त्या वेळच्या मुंबईत कर्तबगार पारशी तरुणाला एक दिशा खुणावत होती, ती म्हणजे चीन. हिंदुस्थानातून कापूस आणि अफू कँटनला न्यायची, तिकडून चहा, रेशीम आणि चांदी आणायची, हा व्यापार तेव्हा भरात होता. जमशेटजींनी एकूण पाच वेळा चीनची वारी केली. १८०३ मध्ये मामांची मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. नवरा मुलगा त्या वेळी श्रीमंत नव्हता आणि वर्षातले कितीतरी महिने तो जहाजावर असायचा.

यांतली चौथी सफर विलक्षण ठरली. युरोपात नेपोलियनची युद्धे पेटली होती आणि हिंदी महासागरात फ्रेंच नौदल इंग्रज व्यापारी जहाजांवर टपून बसलेले होते. १८०५ मध्ये जमशेटजी 'ब्रन्सविक' या जहाजावर होते. सिलोनजवळ फ्रेंच सेनानी लिनवा याने ते पकडले आणि बंदिवानांसह आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपकडे धाडले. सायमन्स टाउनच्या उपसागरात ते जहाज फुटले. जमशेटजींचा माल गेला, पैसा गेला, अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काही उरले नाही. परक्या मुलुखात, परक्या भाषांत, कोणाच्या तरी मेहरबानीवर दिवस काढत अखेर ते एका डॅनिश जहाजाने कलकत्त्याला पोहोचले आणि तेथून मुंबईला. याच ब्रन्सविकवर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. पुढे जार्डिनने डॉक्टरकी सोडली आणि चीनच्या व्यापारात 'जार्डिन मॅथेसन' ही बलाढ्य पेढी उभी केली. तिचा मुंबईतला सर्वांत भरवशाचा सहकारी होता जमशेटजी. एका फुटलेल्या जहाजावर जुळलेली ही ओळख दोघांनाही लक्षावधी रुपये देऊन गेली.

आणखी एक सफर करून १८०७ मध्ये परतल्यावर जमशेटजींनी मुंबईतच पाय रोवले. त्यांच्या पेढीचे भागीदार पाहिले तर त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान आणि स्वतः जमशेटजी पारशी. गोव्याचे ख्रिस्ती व्यापारी रोजेरियो द फारिया हेही त्यांच्या निकटच्या वर्तुळातले. किनाऱ्यावर वसलेल्या शहरात जातीपेक्षा जहाजाचे वेळापत्रक महत्त्वाचे होते, एवढे यावरून म्हणता येईल. जमशेटजींनी स्वतःची जहाजे घेतली. युद्धांमुळे वधारलेल्या कापसाने त्यांना धनाढ्य केले आणि माळव्याच्या अफूने ते धन कितीतरी पट वाढवले.

इथे थांबायला हवे. जमशेटजींची चरित्रे लिहिताना अफूचा उल्लेख एका वाक्यात उरकण्याची प्रथा आहे आणि ती बरी नव्हे. चिनी सरकारने बंदी घातलेला माल चोरट्या मार्गाने चीनच्या किनाऱ्यावर उतरवला जात होता आणि त्या व्यापाराच्या हिंदुस्थानी बाजूचे जमशेटजी हे अग्रणी होते. १८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यातून पहिले अफूयुद्ध भडकले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना जबर फटका बसला. दानाची गंगा वाहिली ती या डोंगरातून. त्या काळच्या कायद्याने हिंदुस्थानात हा व्यापार वैध होता आणि कंपनी सरकार स्वतःच त्यावर पोसले जात होते, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत.

दानाचा आरंभ मात्र प्रतिष्ठेच्या हव्यासातून झालेला दिसत नाही. १८२२ मध्ये, किताब आणि सन्मान अजून फार दूर असताना, त्यांनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्जापायी खितपत पडलेल्या गरीब कैद्यांची देणी फेडून त्यांना सोडवले. केपच्या किनाऱ्यावरचा निष्कांचन तरुण त्यांच्या मनातून गेला नसावा. पुढे धर्मशाळा, विहिरी, शाळा अशी यादी लांबत गेली. पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा घालून शहराला पाणी देण्याच्या कामी त्यांनी भरघोस पैसा दिला. ज्या बंधाऱ्यावरून 'बंड गार्डन' हे नाव पडले तो हाच, हे पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असते. १८४३ मध्ये त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची कोनशिला बसली आणि १८४५ मध्ये ते सुरू झाले. हयातभरातल्या त्यांच्या देणग्यांची बेरीज वीस लाख रुपयांच्या वर जाते.

यांतली एक कथा वाहतुकीच्या हक्काशी नाते सांगणारी आहे. कोटाबाहेरच्या मैदानावर गुरे चारायला इंग्रज सरकारने शुल्क लावले. गवळ्यांना आणि गोरगरिबांना ते परवडेना. तेव्हा जमशेटजींनी ठाकूरद्वाराच्या बाजूला जमीन विकत घेऊन ती गुरांना मोकळी केली. चर्नी रोड हे नाव त्या चरण्यावरून पडले, असे सांगितले जाते. नावाच्या व्युत्पत्तीबद्दल इतर मतेही आहेत. परंतु सामाईक वाटणाऱ्या जागेवर सरकार पैसे मागू लागते तेव्हा पहिला घाव कोणावर बसतो, हे या गृहस्थाला नेमके दिसत होते.

आता माहीमच्या खाडीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली मुंबई म्हणजे भर घालून कशीबशी एकत्र सांधलेली बेटे. हॉर्नबी वेलार्डने वरळीची खिंड बुजवली होती आणि १८३८ मध्ये कुलाबा जोडला गेला. उत्तरेला साष्टी हे मोठे बेट होते. मुंबईचे दूध, भाजी, भात, ताडी, गवत आणि मीठ यांचा मोठा वाटा साष्टीतून येई. साष्टी आणि मुंबई यांमध्ये एक रस्ता होता तो शीवचा. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत सुमारे ५० हजार रुपये खर्चून तो १८०५ मध्ये पुरा झाला होता आणि त्यावर टोल घेतला जात असे. पश्चिमेकडच्या गावांना, म्हणजे वांद्रे आणि त्यापलीकडच्या वस्त्यांना, शीव हा मोठा वळसा होता. त्यांना जवळची वाट माहीमच्या खाडीतून, आणि ती होडीची.

होडी म्हटले की शहरी मनाला नौकाविहार आठवतो. या खाडीतला प्रवास तसा नव्हता. भरतीला पाणी जोरात आत शिरे, ओहोटीला गुडघ्याएवढा चिखल उघडा पडे आणि पावसाळ्यात वरून येणारा लोंढा व खालून येणारी भरती यांची गाठ पडे. अशा वेळी होड्या उलटत आणि माणसे बुडत. होडीत कोण असे, याचाही विचार केला पाहिजे. ज्याच्यापाशी घोडागाडी आहे तो शीवचा वळसा घेऊन, टोल भरून, कोरड्या पायांनी शहरात पोहोचू शकत होता. डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीला, भाजी विकणाऱ्या कुणब्याला, ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याला ते शक्य नव्हते. बाजार तर रोजचा होता. पाऊस आहे म्हणून मासळी थांबत नाही.

या खाडीवर बांध घालावा अशी मागणी जुनी होती. सरकारी दप्तरातून ती फिरत राहिली. कंपनी सरकारने खर्चाचा आकडा पाहून हात आखडता घेतला. तेव्हा आवाबाई पुढे आल्या. त्यांनी आधी एक लाख रुपये देऊ केले. काम सुरू झाल्यावर, खाडीच्या कामांत नेहमी होते तसे, अंदाजपत्रक कोलमडले. दलदलीचा तळ किती दगड गिळेल हे कागदावर कळत नाही. वाढलेला खर्चही बाईंनी उचलला आणि एकूण आकडा सुमारे १ लाख ५७ हजारांवर गेला. म्हणजे शीवच्या बांधाला लागला होता त्याच्या तिपटीहून अधिक. १८४५ मध्ये कॉजवे वाहतुकीला खुला झाला.

या देणगीला अट एकच होती: या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाकडूनही सरकारने टोल घेऊ नये. शीवच्या टोलाचा अनुभव पाठीशी असताना ही अट घातली गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. पूल बांधून देणारे दाते पुष्कळ असतात. पूल बांधल्यावर त्यावरून कोण जाऊ शकेल याची तजवीज करणारे विरळा. दलदलीवर उभ्या केलेल्या दगडी बांधाइतकीच ती एका ओळीची अटही बांधकामाचा भाग होती, आणि तो भागही आजवर टिकला आहे.

या पुलाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. आवाबाईंना मूल नव्हते, त्यांनी वांद्र्याच्या माउंट मेरीला नवस केला, मूल झाले आणि भाविकांची वाट सोपी व्हावी म्हणून त्यांनी पूल बांधला, अशी ती कथा. वांद्र्यात ती प्रेमाने सांगितली जाते आणि पारशी बाईने मेरीमातेला नवस करावा यात मुंबईचे जे चित्र आहे ते मोहक आहे, यात शंका नाही. पण हिशेब जुळत नाही. त्यांचे थोरले चिरंजीव कर्सेटजी १८११ मध्ये जन्मले. म्हणजे कॉजवेचे काम चालले होते तेव्हा ते तिशी ओलांडलेले गृहस्थ होते. या कथेचा एक तोटाही आहे. एका सुजाण सार्वजनिक निर्णयाचे ती खासगी नवसात रूपांतर करते. स्त्रीने केलेल्या कामामागे अपत्यप्राप्तीखेरीज दुसरा हेतू असू शकतो, हे आपल्या लोककथांना बहुधा पटत नाही.

कॉजवेने काय साधले? साष्टीचा पश्चिम किनारा मुंबईला बाराही महिने जोडला गेला. आज ज्याला पश्चिम उपनगर म्हणतात त्याचा पहिला पक्का धागा हाच. भरती-ओहोटी पाहून निघण्याची गरज संपली. पण खाडीत बांध घातला की पाण्याची वाट अरुंद होते, हेही खरे. त्या काळी मिठीचे पात्र आणि भोवतीची खाजणे एवढी प्रशस्त होती, की पाण्याला पसरायला जागा होती. पुढच्या दीडशे वर्षांत खाजणे बुजली, रेल्वेचे पूल आले, पाइपलाइन आल्या, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी भराव पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठीने आपली जुनी जागा परत मागितली, तेव्हा माहीमपाशी आवळलेल्या तिच्या गळ्याची चर्चा झाली. त्यात कॉजवेचेही नाव आले. १८४५ च्या बांधाला २००५ च्या पुराचा आरोपी ठरवणे अन्यायाचे आहे. खाडीकाठी रस्ता बांधताना पाण्याची वाट राखणे हाही रस्त्याचाच भाग असतो, याकडे दुर्लक्ष झाले ते नंतरच्या पिढ्यांकडून.

त्याच खाडीच्या मुखासमोर २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू उभा राहिला. सेतू देखणा आहे, पण त्यावर टोल आहे आणि दुचाकी, रिक्षा व पादचारी यांना मज्जाव आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूचीही तीच रीत. त्याच वर्षी वाहता झालेला किनारी रस्ता टोलमुक्त आहे खरा, पण दुचाकीला तिथेही प्रवेश नाही. वरळीच्या कोळ्यांना तर आपल्या होड्या सुखरूप बाहेर काढता याव्यात एवढ्यासाठी, पुलाच्या दोन खांबांतले अंतर वाढवून घ्यायला दीर्घकाळ झगडावे लागले. ६० मीटरचे ते अंतर १२० मीटर करण्याचे महापालिकेने मान्य केले ते २०२२ च्या अखेरीस. हे प्रकल्प चुकीचे आहेत असे म्हणण्याचा हेतू नाही. पण आवाबाईंच्या पुलावरून पाटी घेतलेली बाई पहिल्या दिवसापासून जाऊ शकली आणि या नव्या पुलांवरून ती आजही जाऊ शकत नाही, एवढा फरक नोंदवलाच पाहिजे.

जमशेटजींकडे परत येऊ. १८४२ मध्ये त्यांना 'नाइट' हा किताब मिळाला. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यामुळेच आवाबाई 'लेडी जमशेटजी' झाल्या आणि पुलाला ते नाव लाभले. पण दाम्पत्याचे लक्ष किताबावर थांबले नाही. मुंबईत लोहमार्ग आणण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा नाना शंकरशेट यांच्याबरोबर जमशेटजी आघाडीवर होते. १८४५ च्या सुमारास रेल्वेसाठी जी मंडळी एकत्र आली त्यांत हे दोघे प्रमुख. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी स्थापन झाल्यावर तिच्या मुंबईच्या समितीत या दोघा हिंदी गृहस्थांना स्थान मिळाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. लोक या विस्तवाच्या गाडीला भीत होते. नाना आणि जमशेटजी यांच्यासारखी माणसे तिच्या पाठीशी आहेत, याचा धीर देण्यापुरताही उपयोग थोडा नव्हता.

अखेरच्या वर्षांत कामे वेगाने उरकण्याची घाई त्यांना झाली असावी. १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. त्याच वर्षी उत्तरेत बंडाचा वणवा पेटला असताना राणीने त्यांना 'बॅरोनेट' केले. हाही हिंदी माणसाला मिळालेला पहिलाच मान. या किताबाला वारसा असतो, म्हणून पुढे कायदाच करण्यात आला आणि किताब ज्याच्याकडे जाईल त्याने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव धारण करावे असे ठरले. त्यामुळे कर्सेटजीही कागदोपत्री जमशेटजी झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांची यात नेहमी फसगत होते.

१४ एप्रिल १८५९ रोजी जमशेटजींचे मुंबईत निधन झाले. बाटल्यांच्या दुकानातून निघालेला मुलगा गेला तेव्हा शहरातले रुग्णालय, कलाशाळा, पारशी मुलांच्या शाळा आणि कितीतरी पाणवठे त्याच्या नावाने ओळखले जात होते. टाउन हॉलमध्ये त्यांचा पुतळा बसवण्यात आला. तो आजही एशियाटिक सोसायटीत आहे.

आवाबाई त्यानंतर अकरा वर्षे जगल्या. १८७० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी त्यांना आपल्या कॉजवेच्या शेजारी दुसरे एक बांधकाम पाहायला मिळाले. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने माहीमची खाडी ओलांडून १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत रूळ आणले आणि १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत लोकलगाडी सुरू झाली. त्या गाडीला तिकीट होते. बाजूच्या दगडी रस्त्यावरून पाटीवाल्या बाया पायी चालल्या होत्या, आणि त्यांच्याकडे कोणी काही मागत नव्हते.